सायकलला नवे काय बसवले, आणि अंगाला काय मिळाले?



या वेळी आरोग्याच्या पानासाठी आमच्याकडे जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे सायकलींचे होते. कंधार, लोहा आणि आजूबाजूच्या गावांतली आपली काही मुले-मुली अलीकडे रेसर सायकल, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत रोड बाईक, चालवू लागली आहेत. कुणी पोलीस भरतीसाठी दम वाढावा म्हणून, कुणी वजन उतरावे म्हणून, तर कुणी चाळिशीतच रक्तातली साखर वाढली म्हणून. आता त्यांच्या मनात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सायकलने दीक्षाभूमीला जायचे आहे. लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूर गाठायचे, म्हणजे साधारण ४०० किलोमीटर.

बेत चांगला आहे. पण ही मंडळी विहाराच्या ओट्यावर बसली की बोलणे वेगळ्याच गोष्टींचे असते. कुणी जेलची सीट घेतली, कुणी क्लिपचे पायडल मागवले, कुणाला कार्बनचा चिमटा हवा आहे, कुणी मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे दुकानदारही 'आता घेऊनच टाका' म्हणतो. हप्ते पाडून मिळते. घरात आईचे रक्त तपासायचे राहून गेलेले असते आणि पोराच्या सायकलला हप्त्यावर नवे चाक येते, असेही आम्ही पाहतो आहोत.

आम्ही सायकलीचे मिस्त्री नाही. पण सीटवर बसून बधिर झालेली जागा, दुखणारा गुडघा, मुंग्या येणारी करंगळी आणि जांघेतला नायटा घेऊन माणसे शेवटी आमच्यासारख्यांकडेच येतात. म्हणून या खरेदीचा हिशेब आम्ही शरीराच्या बाजूने मांडतो आहोत.

हौसेला आमचा विरोध नाही. भगवान बुद्धांच्या संघात सोण नावाचा भिक्खू होता. श्रीमंताघरचा, तळपाय इतके कोवळे की चालत ध्यान करताना फुटून वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला दिला, तार फार ताणली की तुटते आणि सैल सोडली की वाजत नाही, तो आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच प्रसंगी बुद्धांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरायची मुभाही दिली, हे कमी सांगितले जाते. सोण म्हणाला, मला एकट्याला नको, सगळ्या संघाला असेल तर घेईन. मग ती मुभा सगळ्यांना मिळाली. म्हणजे अंगाला इजा होत असेल तर साधन बदलायला धम्मात आडकाठी नाही. प्रश्न एवढाच की कोणते साधन कोणत्या इजेसाठी.

आधी पाना, मग पाकीट

सायकलवरची निम्मी दुखणी नवा भाग न घेताच जातात. त्याला लागतो एक पाना आणि दहा मिनिटे.

सीटची उंची बघा. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलायला नको. आता चवड्याने पायडल मारले की गुडघा खालच्या टोकाला थोडासा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३५ अंश. एवढेच पाहिजे असते. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते आणि गुडघा समोरून दुखतो. सीट वर असेल तर मागची शीर ओढली जाते आणि चालवताना बूड डावीकडे-उजवीकडे घसरते. तेव्हा गुडघा समोरून दुखत असेल तर सीट थोडी वर, मागून दुखत असेल तर थोडी खाली. एका वेळी पाच मिलिमीटरहून जास्त हलवू नका, दोन-तीन दिवस चालवून मग ठरवा. आपल्याकडे उलटे होते. पाय जमिनीला पुरले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि गुडघा दुखला की गुडघ्याचा पट्टा विकत आणतात.

सीटचे नाकही बघा. ते वर उचललेले असेल तर नाजूक जागेवर दाब येतो, फार खाली झुकले असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार तळहातांवर जातो. पाणपातळी मोजायचे यंत्र मोबाईलमध्येही असते. त्याने सीट सपाट करून घ्या.

सीट मऊ म्हणजे चांगली नव्हे

सध्या सगळ्यात जास्त खपतो तो जेलचा गुबगुबीत कव्हर. पाच-सात किलोमीटर बाजारात जाऊन यायला तो बरा वाटतो. लांबच्या प्रवासाला तोच त्रास देतो. कारण असे: बसताना आपला भार पेलायला निसर्गाने ढुंगणाच्या खाली दोन हाडे दिली आहेत. पाटावर मांडी घालून बसले की जी टोचतात, तीच. भार या दोन हाडांवर राहिला तर तास न् तास बसता येते. सीट फार मऊ असली की ही हाडे त्यात रुततात आणि मधला भाग वर उचलून त्यांच्यामधल्या जागेत घुसतो. त्या जागेतून मूत्रमार्ग, रक्तवाहिन्या आणि जननेंद्रियाला जाणीव देणारी शीर जाते. ती दबली की बधिरपणा येतो.

हे दुखणे पुरुष सांगत नाहीत. लाजतात. घरी बायकोलाही सांगत नाहीत आणि मग जडीबुटीवाल्याच्या तंबूत जातात. आम्ही स्पष्ट लिहितो: सायकल चालवताना किंवा नंतर लिंगाला, वृषणांच्या मागच्या जागेला बधिरपणा येत असेल तर तो दाबाचा परिणाम आहे, 'कमजोरी' नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर अर्धा मिनिट उभे राहा, सीट सपाट करा, हाडांच्या रुंदीएवढी आणि मध्ये खाच असलेली टणक सीट घ्या. एवढ्यानेही बधिरपणा राहिला, किंवा सायकल न चालवताही येऊ लागला, तर काही दिवस सायकल बंद आणि डॉक्टरांकडे.

हाडांची रुंदी घरी मोजता येते. पुठ्ठ्याचा जाड तुकडा पायरीवर ठेवा, त्यावर पाय उचलून घट्ट बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा आणि त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीची सीट बघा. बायकांची ही हाडे बहुधा जास्त लांब असतात, म्हणून भावाची सायकल बहिणीने घेतली की पहिली सीट बदलावी. मुलीसाठी खर्च करायचा एकच भाग निवडायचा असेल तर आम्ही सीट निवडू.

मुलींबद्दल आणखी थोडे. सायकल चालवल्याने गर्भाशय सरकते, पुढे मूल होत नाही, 'पडदा' फाटतो, अशा गोष्टी अजूनही आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या घरांत ऐकायला मिळतात. गर्भाशय सायकलने सरकत नाही. योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याचा आकार प्रत्येकीचा जन्मतः वेगळा असतो आणि त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही. पाळीतही सायकल चालवता येते, दुखत असेल तर नको एवढेच. खरा त्रास वेगळाच आहे. रस्त्यावर मुलींना लघवीला जागा नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत, तासन्‌तास लघवी धरून ठेवतात आणि मग मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. नागपूरला जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या आणि थांब्यांच्या जागा ठरवताना आधी संडास पाहावा, मग जेवण. हे काम गटातल्या पुरुषांनी करावे. आणि ओढणी चाकात किंवा साखळीत जाऊन होणारे अपघात साधे नसतात, गळ्याला फास बसतो. सायकलवर ओढणी नको.

गादीची चड्डी आणि जांघेतला नायटा

सायकलची गादीवाली चड्डी ही उपयोगी खरेदी आहे. ती थेट अंगावर घालायची, आतली चड्डी काढून. आतल्या चड्डीची शिवणच जांघ कापते, म्हणून तर गादीला शिवण नसते. पण आपल्याकडे एकच चड्डी घेतात आणि घामाने ओली झालेली तीच दुसऱ्या दिवशी घालतात. तीन-चार दिवसांत पुटकुळ्या येतात, आठवड्यात नायटा. दोन चड्ड्या घ्या. सायकल थांबली की लगेच काढा, साबणाने धुवा, उन्हात उलटी करून वाळवा. पावसाळ्यात चड्डी वाळत नसेल तर त्या दिवशी साध्या सुती कपड्यात कमी अंतर चालवा.

नायटा झाला की औषध दुकानातून 'खाज-खुजलीची' ट्यूब आणायची, ही आपल्या भागातली मोठी चूक आहे. अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश होतो, पण आत बुरशी पसरत राहते, कातडी पातळ होते आणि पुढे साधे औषध लागू पडत नाही. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसले तर जांघेला लावू नका. डॉक्टर सांगतील ते बुरशीचे मलम डाग गेल्यावरही सांगितले तितके दिवस लावा. घासू नये म्हणून चालवण्यापूर्वी खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली पुरते.

टायर, बाभूळ आणि ऊस

आमच्या मते पैसे खर्चायची पहिली जागा टायर ही आहे. जुन्या रेसर सायकलीला २३ मिलिमीटरचा बारीक टायर यायचा आणि त्यात दगडासारखी हवा भरायची. आता शर्यतीत धावणारे सुद्धा २८ किंवा त्याहून रुंद टायर वापरतात. खडबडीत रस्त्यावर रुंद टायर कमी हवेत चालतो, खड्डा स्वतः गिळतो आणि हादरा मनगट-मानेपर्यंत कमी पोचतो. आपल्या सायकलच्या चिमट्यात आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर २८ बसवा. काळ्या मातीत शिरायचे असेल तर टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर फट ठेवा, नाहीतर पावसाळ्यात चाकच अडकते. ६५-७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरला साधारण ७० ते ८० पीएसआय हवा पुरते. पंक्चरवाल्याच्या पंपाने भरायची तर लक्षात ठेवा, रेसरचा बारीक वाल मोटारसायकलच्या नळीला बसत नाही. त्यासाठी पितळी टोपण मिळते. अगदी स्वस्त असते. ते एक किल्लीच्या जुडग्याला लावून ठेवा.

कंधार भागातले बाभळीचे काटे सगळ्यांना माहीत आहेत. ट्यूबलेस टायरात जो चीक ओततात तो काट्याचे बारीक भोक चालता चालता बुजवतो, हे खरे. पण आपल्या उन्हात तो लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावा लागतो, आणि मोठी चीर पडली की शेवटी ट्यूबच टाकावी लागते. ज्याला स्वतः पंक्चर काढता येत नाही त्याने आधी ते शिकावे. टायर आणि ट्यूबमध्ये घालायची काट्याची पट्टी स्वस्तात काम भागवते.

दुसरी खरेदी दिव्यांची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास आणि त्यानंतर आपल्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्या गाडीवर आपल्याच तालुक्यातली ऊसतोड करणारी माणसे झोपलेली असतात, त्यांचाही जीव तितकाच धोक्यात असतो. सायकलला मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट. लांब पल्ल्याच्या 'ब्रेव्हे' नावाच्या सायकल फेऱ्यांमध्ये तर रात्री याशिवाय चालवूच देत नाहीत. त्या फेऱ्यांत ४०० किलोमीटरला २७ तासांची मुदत असते. आपल्याला मुदत नाही. आपण चार दिवस घ्यावेत, उजाडताच निघून अकराच्या आत दिवसाचे बरेचसे अंतर संपवावे आणि अंधारात चाकाला हात लावू नये.

हेल्मेट घ्याच. मोटारसायकलचे नको, ते जड असते आणि त्यात डोके तापते. सायकलचे हेल्मेट घेताना आतल्या चिठ्ठीवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी असे लिहिलेले बघा. भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर ते सपाट बसावे, हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जावीत, त्याहून सैल नको. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी आतला फोम दबलेला असतो, ते टाकून द्यावे. दुसऱ्याचे वापरलेले विकत घेऊ नका, ते कुठे आपटले होते ते तो सांगणार नाही.

जे थांबू शकते

कार्बनच्या भागांविषयी थोडक्यात. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरा. हजारो रुपये खर्चून सायकल एक किलोने हलकी केली तर चढावर ८० तला एक भाग वाचतो. सपाट रस्त्यावर तेवढेही नाही, कारण तिथे वेग वाढला की बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते, आणि वारा सायकलचे वजन विचारत नाही. शर्यत जिंकायची असेल त्याला त्या एका भागाची किंमत आहे. पोलीस भरतीच्या पोराला नाही.

त्यापेक्षा मागचा गेअर बदलणे शहाणपणाचे. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला २५ किंवा २८ दाते असतील तर ३२ दात्यांची बसवता येते का, हे मिस्त्रीला विचारा, काही वेळा साखळी ओढून धरणारा भागही बदलावा लागतो. बालाघाटाच्या चढणीवर पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे तरी हलके फिरले पाहिजेत, सपाटीवर ऐंशी-नव्वद. जड गेअरवर दात-ओठ खाऊन चढवण्यात मर्दुमकी वाटते, पण ती गुडघ्याच्या वाटीतून वसूल होते.

क्लिपचे पायडल वाईट नाहीत, पण पहिल्या महिन्यात प्रत्येक जण एकदा तरी उभ्या उभ्या पडतो, तेही चौकात, सिग्नलला. बुटाखालची पट्टी तिरकी बसली तर गुडघा प्रत्येक फेऱ्याला पिळतो. साध्या रुंद पायडलवर नागपूर गाठता येते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेची शीर हँडलवर दबते आहे. हातमोजे घ्या, हँडलवर आणखी एक पट्टी गुंडाळा, हात सारखे हलवत राहा. बोटांतली पकड कमी झाली, बटण लावता येईना, तर थांबा. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत होते, तिच्यात काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरता येत नाही, हनुवटीखाली टेकू लावून ते सायकल चालवतात. ती शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. तिघेही डॉक्टर. आपले शरीर कुठे तुटते हे त्यांना आधी माहीत होते, हे विसरू नये.

ठोके मोजणारे घड्याळ नसले तरी चालते. चालवताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग बरोबर. दोन शब्दांवर दम लागला तर जास्त. भीमगीत गुणगुणता येत असेल तर आणखी थोडा जोर लावायला हरकत नाही.

रक्ताची चाचणी

आता ज्या खरेदीविषयी कुणीच बोलत नाही, तिच्याविषयी. ती सरकारी दवाखान्यात होते, आणि आमच्या मते आपल्या समाजातल्या प्रत्येक सायकलवाल्याने सगळ्यात आधी ती करावी. सिकलसेलची चाचणी.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. गोल, लवचिक लाल पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. विदर्भात हा दोष आदिवासींप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही पुष्कळ आढळतो. आपल्याकडे किनवट-माहूरच्या पट्ट्यात तो आहे. आणि आपल्या कितीतरी घरांची सोयरीक उमरखेड, पुसद, यवतमाळशी आहे. म्हणजे 'हा विदर्भाचा आजार' म्हणून कंधारमध्ये स्वस्थ बसता येत नाही.

आई आणि बाप दोघांकडून हा दोष आला तर माणूस आजारी असतो. सांधे-हाडांच्या भयंकर कळा, वारंवार ताप, कावीळ, रक्त कमी. अशा माणसाने तज्ज्ञ डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब अंतर चालवू नये. थकवा, पाण्याची कमतरता, गारठा यातले काहीही कळांना निमित्त होते. एकाकडूनच दोष आला असेल तर माणूस वाहक असतो. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो सायकल चालवू शकतो, पळू शकतो, भरती होऊ शकतो. बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. पण ऊन, पाणी कमी आणि अंगाबाहेरची मेहनत एकत्र आली तर वाहकाचे स्नायू अचानक निकामी होऊन मूत्रपिंडापर्यंत इजा झाल्याची, मृत्यू झाल्याची उदाहरणे सैन्यातले नवे जवान आणि खेळाडू यांच्यात नोंदलेली आहेत. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी २०१० पासून याची तपासणी लागू केली ती त्यामुळेच. असे क्वचित घडते, पण ते टाळता येते. वाहकाने वेग हळूहळू वाढवायचा, पाणी चुकवायचे नाही, ताप-जुलाबात चालवायचे नाही, आणि मांड्यांत अचानक न पेलणारी दुखण्याची लाट किंवा शक्तिपात जाणवला तर 'आणखी दोन किलोमीटर' न म्हणता तिथेच उतरायचे. लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट दवाखाना.

चाचणी साधी आहे. बोटातून थोडे रक्त घेऊन एका द्रावणात टाकतात, गढूळ झाले तर दोष असण्याची शक्यता, मग पुढची खात्रीची तपासणी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ चे उद्दिष्ट ठेवून. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो असायलाच हवा. पण रक्त जातीचा दाखला बघून वाकडे होत नाही. आपल्या वस्तीतल्या मुलांची तपासणी व्हावी म्हणून ग्रामीण रुग्णालयात मागणी आपणच केली पाहिजे. आशाताईंना विचारा, एका दिवशी पंधरा-वीस जण मिळून जा, सोबत हिमोग्लोबिन आणि साखरही तपासून घ्या. मुलींमध्ये रक्त कमी असणे इतके सार्वत्रिक आहे की दम लागतो तो सायकल जड म्हणून नव्हे, हिमोग्लोबिन नऊ असते म्हणून, असे पुष्कळदा निघते.

निकाल लपवू नका. 'पोरीचे लग्न मोडेल' ही भीती आम्ही जाणतो. पण दोन वाहकांनी न कळता लग्न केले तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. कळले असेल तर आधी सल्ला घेता येतो. वाहक असणे हा कुणाचा कमीपणा नाही, आणि रक्तावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांची परंपरा आपण १९५६ साली नागपुरातच सोडून आलो आहोत.

पाणी, मीठ आणि खरचटणे

ऑक्टोबरच्या उन्हात तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, तहान बघून कमी-जास्त. नुसते पाणीच लिटर-लिटर ढोसत राहिले तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, ओकारी येते, माणूस बरळतो. म्हणून दोन तासांहून जास्त चालवताना ओआरएस ठेवा. एका पुडीला पुडीवर लिहिले असेल तेवढेच, बहुधा एक लिटर, पाणी. अर्धी पुडी अंदाजाने बाटलीत टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रंगीत खोक्यांतली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव वापरायला बंदी केली आहे, तरी जुना माल दिसला तर सूत्र वाचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, दरदरून घाम फुटला की थांबून ती खावी. चाळिशीपुढच्यांनी आणि छातीत दाटून येणाऱ्यांनी डॉक्टरांना दाखवूनच निघावे.

पडून खरचटले तर जखमेवर हळद, तंबाखू, माती, डिझेल काहीही लावायचे नाही. स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने खडे निघेपर्यंत धुवायचे, दुखले तरी. मग स्वच्छ कापड किंवा गॉज. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्यायचे. डोक्याला मार लागून ओकारी, झोपाळूपणा, बडबड, कानातून रक्त किंवा पाणी, क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी 'बरा आहे' म्हणणाऱ्याचे ऐकू नका. हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, १०८ ला फोन करा. गटातल्या प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी असावी: नाव, घरचा फोन, रक्तगट, सिकलसेलचा निकाल, चालू गोळ्या. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, घामाने शाई उतरते.